धावण्याचा आनंद कोणाचा?

(भोर-वेल्हे परिसरातील युवक-युवतींच्या अभ्यासशिबिरात केलेले भाषण)



गेले दोन दिवस आपण धरणग्रस्तांचे पुनर्वसन, जंगलजमिनीचे दावे आणि वाड्यावस्त्यांवरच्या शाळांची घटती पटसंख्या अशा जड विषयांवर चर्चा करीत आहोत. त्यानंतर शेवटच्या सत्रात 'धावणे' हा विषय पाहून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल, तर तिचे मला नवल वाटणार नाही. ज्यांच्या पोटाचा प्रश्न सुटलेला नाही त्यांच्यापुढे धावण्याच्या आनंदाविषयी बोलणे म्हणजे भुकेल्याला अत्तराचा फाया देण्यासारखे आहे, असा आक्षेप एका जुन्या सहकाऱ्याने काल जेवताना घेतलाच. हा आक्षेप प्रामाणिक आहे. माझे म्हणणे मात्र वेगळे आहे. दारिद्र्य माणसाची भाकरी हिरावून घेते हे आपण जाणतो. परंतु त्याही आधी ते मुलाच्या पायांतला उल्हास हिरावून घेते, याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. तो उल्हास परत मिळवणे हे आपल्या कामात बसते की नाही, एवढाच प्रश्न मी आज मांडणार आहे.

आधी या भूमीकडे पाहू. राजगड आणि तोरणा यांच्या पायथ्याचा हा मुलूख. वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला. नाव कोणतेही असो, चढ तेवढाच आहे आणि पाऊसही तेवढाच. या मुलखातील माणूस धावत आलेला आहे, पण तो नेहमी दुसऱ्याच्या कामासाठी. शिवकाळात निरोप घेऊन जासूद धावला. पुढे सरकारी टपालाची थैली खांद्यावर टाकून, घुंगरांची काठी वाजवीत हरकारा धावला. पालखीखाली भोई धावला. गुरांमागे गुराखी धावला आणि पुण्या-मुंबईच्या बाजारांत पाठीवर ओझे घेऊन इथलाच हमाल धावला. राजे गेले, साहेब गेले, भोरचे संस्थान १९४८ साली विलीन झाले. पण आपल्या पायांवर आपला हक्क आहे, ते केवळ आपल्या सुखासाठी चालवता येतात, ही कल्पना कष्टकऱ्याच्या घरात अद्याप पुरती रुजलेली नाही. मोठ्या वयाचा माणूस विनाकारण धावताना दिसला तर आजही वाडीवर विचारतात, "कोण आजारी आहे?" किंवा "काय चोरीला गेले?" या प्रश्नात विनोद आहे, तसाच शतकांचा इतिहासही आहे.

आता आजचे चित्र पाहा. पहाटे साडेपाचला भोरच्या रस्त्याला उभे राहिलात तर अंधारात धावणारी मुले-मुली दिसतील. ही सारी भरतीची मुले. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर. सैन्याच्या भरतीतही १.६ किलोमीटर. २०२२ साली अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, आणि त्यानंतर चारातील एकालाच पुढे कायम होण्याची संधी. तरी मुले धावतात, कारण दुसरे दार उघडे नाही. त्यांच्या जिद्दीपुढे मी नतमस्तक आहे. पण त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट मला सतत खटकते. त्यांतील बहुतेकांना धावणे आवडत नाही. ते घड्याळाशी झुंजत असतात. वय उलटले किंवा यादीत नाव आले नाही की त्यांचे धावणे त्या दिवशी संपते. आणि नाव आले तरी पुष्कळांचे संपतेच. एका मुलाने मला सांगितले, "निकाल लागल्यावर मी बूट भावाला देऊन टाकले." जी गोष्ट आयुष्यभराची सोबतीण होऊ शकली असती ती केवळ परीक्षेची फी ठरली. बेकारीने मुलांची कमाई बुडवली हे आपण मांडतोच; तिने त्यांचे धावणेही आपल्या ताब्यात घेतले आहे.

दुसरीकडे डिसेंबर महिन्यात सिंहगड, राजगड आणि तोरणा यांच्या डोंगररांगेतून एक पल्लेदार शर्यत भरते. तिचा सर्वांत मोठा पल्ला १०० किलोमीटरांचा आहे. शहरांतून माणसे येतात, रात्री डोक्याला विजेऱ्या बांधून आपल्या पायवाटांनी धावतात. त्यांच्या पायांतील बुटांची किंमत इथल्या मजुराच्या कित्येक दिवसांच्या मजुरीइतकी असते. काही मित्र त्यांची थट्टा करतात. मी करीत नाही. शहराने त्यांची मैदाने गिळली म्हणून ते इथवर येतात. डोंगर त्यांचाही आहे. मला सलते ते एवढेच की, त्यांना पाणी देण्यासाठी वाटेवर उभा असलेला आपला मुलगा टाळ्या वाजवतो आणि मनात म्हणतो की, हे सारे मोठ्या लोकांचे. ज्या वाटेने तो रोज शाळेला गेला, त्या वाटेवरचा आनंद त्याला परका वाटावा, हे मला सहन होत नाही.

मित्रहो, या आनंदावर पहिला घाला घालतो तो लहानपणीचा आजार. श्रीमंताघरचे मूल आजारी पडते तेव्हा ते बरे होते. गरिबाघरचे मूल बरे झाले तरी 'अशक्त' हा शिक्का त्याच्या कपाळावर राहतो. मी हे पुस्तकातून सांगत नाही. गुंजवणीच्या खोऱ्यातील एका वाडीत माझे बालपण गेले आणि वयाच्या नवव्या वर्षी मला क्षय झाला. वडील मुंबईला, घरी आई आणि आम्ही चार भावंडे. संध्याकाळचा बारीक ताप, खोकला, आणि बांधावरून चार पावले टाकली की लागणारी धाप, एवढेच त्या वर्षाचे मला आठवते. वाडीत कुजबुज होती की हा काही पावसाळा काढत नाही. आईने सरकारी दवाखान्याची वाट धरली. दीड वर्ष गोळ्या, त्यांतले आरंभीचे महिने इंजेक्शने, आणि सारे विनामूल्य. ओढ्याला पाणी असले म्हणजे आई मला पाठुंगळी घेऊन पलीकडे नेत असे.

हे औषध माझ्या घरापर्यंत कसे पोहोचले, हे मला फार वर्षांनी वाचनातून समजले. क्षयाच्या रोग्याने सॅनेटोरियममध्ये जावे, खुर्चीत पडून राहावे, दूध-अंडी खावीत, असे तोवर सांगितले जाई. म्हणजे गरिबाने मरावे. १९५६ साली मद्रासला एक संशोधन केंद्र उभे राहिले. तेथे दाटीवाटीच्या वस्तीतील गरीब रोग्यांचे दोन गट केले. एका गटाला सॅनेटोरियममध्ये ठेवले, दुसऱ्याला घरीच औषध दिले. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा की, औषध नियमित मिळाले तर घरचा रोगी, अपुरे अन्न आणि कोंदट खोली असूनही, जवळजवळ तितकाच बरा होतो. त्या निष्कर्षाच्या बळावर १९६२ साली देशाचा क्षयरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि त्याची एक लहानशी धार वेल्ह्याच्या खोऱ्यात येऊन पोहोचली. मी आज आपल्यापुढे उभा आहे तो माझ्या मनोबलामुळे, असे म्हणण्याचा मोह मला होत नाही. मनोबल माझ्या शेजारच्या मुलीलाही होते. तिच्या घरच्यांनी औषध मध्येच सोडले, कारण दवाखान्याला जाण्याचा दिवस म्हणजे मजुरीचा खाडा. ती गेली.

बरा झाल्यावर मी शाळेत परतलो, पण खेळाच्या तासाला मला झाडाखाली बसवून इतरांचे सदरे सांभाळायला देत. त्यात दुष्टपणा नव्हता, काळजीच होती. तरी सांगतो, त्या झाडाखालची तीन वर्षे मला आजाराहून जड गेली. मला धाप लागेल या भीतीने घरचे मला वेगाने चालूही देत नसत. हळूहळू ती भीती माझीच झाली.

चौदाव्या वर्षी, भाताची कापणी झाल्यावर, मोकळ्या खाचरांतून आमची एक कालवड उधळली. घरी दुसरे कोणी नव्हते. मी तिच्यामागे पळालो. तीन-चार खाचरे ओलांडून ती थांबली, तिच्या शेजारी मी थांबलो, आणि मला धाप लागली. मी घाबरून खाली बसलो. थोड्या वेळाने ती धाप आपली आपण ओसरली. अंग गरम झाले होते, कानशिले वाजत होती, आणि इतके बरे वाटत होते की मी उठून पुन्हा धावलो. या वेळी कालवड स्वस्थ चरत होती. आजाराची धाप माणसाला आत ढकलते, तो आपल्या छातीत कोंडला जातो. धावण्याची धाप त्याला बाहेर आणते; श्वास हवा मागतो आणि हवा मिळते. हा फरक मला कोणत्याही डॉक्टराने सांगितला नव्हता. त्यानंतर आजतागायत, साठी उलटली तरी, मी आठवड्यातून तीन-चार दिवस धावतो. मी एकही शर्यत जिंकलेली नाही. कोणत्याही शर्यतीत शेवटून पाचांत माझी जागा ठरलेली असे.

आपल्या काळातील मोठी नावे घ्यायची तर त्यांच्याही मागे हीच वाट दिसते. नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा तालुक्याचा दिलीप गावित. आदिवासी पाड्यावरचा मुलगा, लहानपणी झाडावरून पडला आणि त्याला एक हात गमवावा लागला. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई पॅरा क्रीडास्पर्धेत त्याने ४०० मीटर शर्यतीचे सुवर्णपदक मिळवले. ते त्या स्पर्धेतील भारताचे शंभरावे पदक ठरले. नाशिक जिल्ह्यातीलच सावरपाड्याची कविता राऊत. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये तिने कांस्यपदक जिंकले; त्या स्पर्धांच्या इतिहासात धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. आणि बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. शेतकऱ्याचा मुलगा, घरापासून शाळा सहा किलोमीटर, वाहन नाही. लहानपणापासून तो चालत-पळत शाळेला गेला. पुढे सैन्यात शिरला, सियाचीनच्या बर्फात राहिला, आणि २०१५ नंतर लष्कराच्या शर्यतींतून धावू लागला. २०२२ साली बर्मिंगहॅमला ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ८ मिनिटे ११.२० सेकंद वेळ देऊन त्याने रौप्यपदक मिळवले. पहिल्या क्रमांकाच्या केनियन धावपटूत आणि त्याच्यात सेकंदाचा विसावा भाग एवढेच अंतर होते. २०२३ मध्ये आशियाई सुवर्ण, २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत अकरावा.

या कथा आपण सभांतून सांगतो, टाळ्या मिळवतो. पण इथे एक धोका आहे. 'पाहा, गरिबीनेच त्याला घडवले. सहा किलोमीटर धावत गेला म्हणून तो अविनाश साबळे झाला' असे म्हणून आपण त्या सहा किलोमीटरांचेच गुणगान करू लागतो. त्याच अंतरापायी किती मुलींची शाळा सुटली याचा हिशेब कोणी मांडत नाही. पट कमी म्हणून वाडीवरची शाळा बंद करावी, मुले चालतील, त्यांना व्यायाम होईल, असे कोणी म्हणू लागले तर साबळ्यांचे नाव त्यांच्या तोंडी येऊ देऊ नका. साबळे हे हालअपेष्टांचे फळ नाहीत. हालअपेष्टा असूनही ते उभे राहिले. पुढे त्यांना पुरेसे अन्न, धावायला वेळ, शिक्षक आणि मैदान मिळाले, म्हणून ते आपल्याला दिसले. ज्यांना यांतले काहीच मिळाले नाही त्यांची नावे कोणत्याही यादीत नाहीत.

सातासमुद्रापलीकडचे एक उदाहरण आपल्या विचाराला फार जवळचे आहे. विल्मा रुडॉल्फ. जन्म १९४०, अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील क्लार्क्सव्हिल गावी, काळ्या मजुराच्या घरी. बावीस भावंडांतील ती विसावी. न्यूमोनिया झाला, लोहितांग ज्वर झाला, आणि पाचव्या वर्षाच्या सुमारास पोलिओने डावा पाय लुळा पडला. गावच्या रुग्णालयात काळ्यांना उपचार मिळत नसत. म्हणून तिची आई तिला दर आठवड्याला बसने नॅशव्हिलला, काळ्यांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेई. अंतर सुमारे ८० किलोमीटर, आणि बसमध्येही बसायचे ते मागच्या बाकावर. घरी भावंडे पाळीपाळीने दिवसातून चार वेळा तिचा पाय चोळत. कित्येक वर्षे पायाला लोखंडी आधार होता. तो सुटला, ती चालू लागली आणि मग धावू लागली. १९६० साली रोमच्या ऑलिम्पिकमध्ये तिने १०० मीटर, २०० मीटर आणि ४ × १०० मीटर रिले अशी तीन सुवर्णपदके जिंकली. गावाने मिरवणूक काढायची ठरवली, तेव्हा काळे आणि गोरे एकत्र नसतील तर आपण येणार नाही, असे तिने बजावले. क्लार्क्सव्हिलमधला तो पहिला एकत्र समारंभ ठरला. भावंडांच्या हातांनी बरी झालेली मुलगी गावाला एकत्र आणून मोकळी झाली.

याच १९६० च्या स्पर्धेत आणखी एक गोष्ट घडली. स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत ३२ वर्षांनी परत आली. १९२८ साली ॲमस्टरडॅमला ती झाली होती; शर्यत संपल्यावर काही बायका दमून मैदानावर आडव्या झाल्या, तेवढ्यावरून स्त्रीदेहाला एवढे अंतर झेपत नाही असा निवाडा झाला आणि ती रद्द केली गेली. स्त्रियांच्या मॅरेथॉनला तर १९८४ उजाडावे लागले. तोरण्याच्या पायथ्याला डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढणाऱ्या बाईला त्या निवाडा देणाऱ्यांनी कधी पाहिले नसावे. कष्टाचा भार स्त्रीला झेपतो, आनंदाचा झेपत नाही, हे शास्त्र जगभर सारखेच आहे. आपल्या वाड्यांवरही मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की तिचे पळणे बंद होते. पाणी आणण्यासाठी झपझप चालण्याची मात्र तिला मुभा असते. त्यात रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत तो आढळला. रक्तातील हिमोग्लोबिन फुप्फुसातील प्राणवायू पायांच्या स्नायूंपर्यंत वाहून नेते. तेच कमी असले की दहा पावलांत दम लागतो. मग त्या मुलीला आळशी म्हणतात. तिला लोहाची गोळी, हिरवी भाजी आणि ताटात भावाइतका वाटा हवा असतो; मिळतो तो उपदेश.

म्हणून मी म्हणतो की, धावणारे मूल हे समाजाच्या आरोग्याचे सर्वांत सोपे मोजमाप आहे. आपल्या देशात हे मोजमाप एके काळी किती विदारक होते ते आठवा. नारू नावाचा रोग महाराष्ट्राच्या खेड्यांत होता. पायऱ्यांच्या विहिरीतले न गाळलेले पाणी पोटात गेले की वर्षभराने हातभर लांबीचा जंत पायातून बाहेर पडे आणि ऐन कामाच्या दिवसांत माणूस महिना-महिना जागचा हलत नसे. या रोगावर लस नाही, औषध नाही. पाणी गाळणे, विहिरींच्या पायऱ्या बंद करणे, हातपंप बसवणे आणि घरोघर फिरून रोगी शोधणे एवढ्यावर तो हटला. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. पोलिओचेही तसेच. १९९५ पासून रविवारच्या रविवार पोलिओचे बूथ लागले, अंगणवाडीच्या ताईंनी डोक्यावर शीतपेट्या घेऊन डोंगर चढले. देशातला शेवटचा रोगी जानेवारी २०११ मधला, आणि २७ मार्च २०१४ रोजी प्रमाणपत्र मिळाले. या दोन रोगांनी लाखो मुलांचे पाय गिळले असते. ते वाचले. त्या विजयाला पदक नाही, ध्वज नाही, राष्ट्रगीत नाही. पण आज शाळेच्या पटांगणात धावणारे प्रत्येक मूल त्या विजयावर पाय ठेवून धावते. सार्वजनिक आरोग्यसेवा म्हणजे सरकारची उधळपट्टी, असे सांगणाऱ्यांना एकदा हे पटांगण दाखवावे.

पटांगण असेल तर! कारण धावायला पायांबरोबर जमीनही लागते. डोंगरी तालुक्यात सपाट जमीन ती काय नदीकाठची. त्यातली बरीचशी भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव यांच्या पाण्याखाली गेली. पाणी खालच्या बागायतीला आणि पुण्याला गेले. आपल्या वाट्याला उतार राहिला. उरलेल्या सपाटीवर आता फार्महाऊसची कुंपणे पडत आहेत, आणि ज्या पायवाटेने आजा-पणजा गेला तिथे कुलूपबंद फाटक दिसते. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यात शाळेला क्रीडांगण असावे असे परिशिष्टातच लिहिले आहे. आपल्या किती शाळांना ते आहे, हे इथे बसलेल्या शिक्षकांनी सांगावे. मैदान नाही म्हणून भरतीची मुले डांबरी रस्त्यावर धावतात, भरधाव गाड्यांना चुकवीत. आणि डांबरावर रोज आपटून विशीच्या आत गुडघे धरून बसतात. खरे तर मऊ मातीची पाणंद त्यांच्या दारात आहे. तिच्यावर अतिक्रमण झाले आहे, एवढेच. रोजगार हमीतून अनेक ठिकाणी पाणंदी मोकळ्या झाल्या, मैदाने सपाट झाली. हे आपल्याकडे का होऊ नये? पाणंद मोकळी करण्याची मागणी आपण शेतमाल नेण्यासाठी करतो. त्या अर्जात एक ओळ मुलांसाठीही घाला.

आता थोडे व्यवहाराचे. जे मूल आजारातून उठले आहे त्याला झाडाखाली बसवू नका. डॉक्टरांना विचारून, प्रथम चालणे, मग चार खांब चालणे आणि एक खांब पळणे, असे सुरू करा. सोबत्याशी बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. बोलणे तुटले की चालू लागावे. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत तयार होतात. हाडे, शिरा आणि सांधे यांना महिने लागतात, म्हणून घाई नको. ताप असताना, छातीत दुखत असताना, चक्कर येत असताना धावू नये. हृदयाचा विकार, सिकलसेल किंवा दमा असलेल्या मुलाने वैद्यकीय सल्ल्याखेरीज जोर करू नये. कोणाला धावता येणारच नसेल तर त्याला मोकळ्या हवेत इतरांबरोबर चालण्याचा, फिरण्याचा, पोहण्याचा तेवढाच अधिकार आहे. कोणाला मागे टाकले हे आपण मोजायचे नाही; कोण बाहेर आले एवढे मोजायचे.

आणि भरतीच्या मुलांना माझी एक विनंती. आठवड्यातला एक दिवस घड्याळ घरी ठेवा. त्या दिवशी डांबर सोडून पायवाटेने जा. बरोबर धाकट्या बहिणीला घ्या, वाडीवरच्या त्या 'अशक्त' पोराला घ्या. भरतीत नाव लागले तर मला आनंदच होईल. न लागले, तर निदान तुमचे धावणे त्या यादीबरोबर संपणार नाही. यादी सरकार लावते. तुमच्या छातीतला श्वास सरकारचा नाही.

आक्षेप घेणाऱ्या माझ्या मित्राला उत्तर देऊन थांबतो. भाकर आधी, हे मला मान्य आहे. मी स्वतः उपाशी पोटी आजार काढला आहे. पण आपण ज्या समाजासाठी झटतो तो केवळ पोट भरलेल्या माणसांचा समाज असावा, असे आपल्या चळवळीने कधी म्हटलेले नाही. आठ तास कामाची मागणी कामगारांनी केली तेव्हा उरलेल्या वेळेत माणूस म्हणून जगता यावे, हेच तर त्यांना हवे होते. त्या उरलेल्या वेळेत काय करायचे याचे एक उत्तर फार स्वस्त आहे. त्याला तिकीट नाही, सभासदत्व नाही. त्याला लागतो तो निरोगी देह, मोकळी वाट आणि थोडा वेळ. आणि या तिन्हींसाठी लढावे लागते, हे आपल्याला इतरांहून अधिक ठाऊक आहे.

उद्या शिबिराचा समारोप आहे. सकाळच्या श्रमदानापूर्वी, सहा वाजता, आपण सारे नीरेच्या काठाने जाणार आहोत. ज्यांना धावायचे ते धावतील, ज्यांना चालायचे ते चालतील. स्वयंपाकघरातल्या भगिनींनीही यावे. चहा आल्यावर सगळे मिळून करू.